न वळलेला गवा

गुरुजी, तुमची दंडार, तो जनावरांच्या सोंगांचा खेळ, यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पुन्हा उभी राहणार आहे. गावातले तरुण परवा सकाळी आमच्या ओसरीवर आले, सतरंजीवर अनपेक्षित शिस्तीने बसले, आणि गव्याचे सोंग मी घ्यावे असा आपला एकमुखी ठराव त्यांनी मला ऐकवला. मी शाळेचा मुख्याध्यापक, शिवाय तलावाच्या पाणीवाटप समितीचा अध्यक्ष, उभय पदांना साजेसे गांभीर्य मुखावर धारण करून मी पृच्छा केली, "माझ्या ठायी असा कोणता नाट्यगुण तुम्हांस दृग्गोचर झाला?" ते एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांतला एक, ज्याला मी व्याकरण शिकवले आणि ज्याने ते स्वतःला लावून घेतले नाही, म्हणाला, "तुमाले काई कराचंच नाई, सर. बोलाचं नाई, नाचाचं नाई. नुसतं उभं राहाचं हाय." दुसऱ्याने घाईने सावरले, "तुमाले शोभते, सर." चहा पिऊन ते गेले, आणि तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. दुसऱ्यांच्या वाक्यांतला उपरोध हुडकण्यातच ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे वाक्य सन्मानाचे की अभियोगाचे हे ठरवता येऊ नये, ही विद्वत्तेची केवढी विटंबना! अंगणात जातो, परत येतो, पुन्हा जातो. तुम्हाला विचारावे तर तुम्ही जाऊन इतका काळ लोटला की तुमच्या शाळेवर कौलांच्या जागी पत्रे आले. तरी विचारतो. उत्तर न देण्याची सवय तुम्हाला जिवंतपणीही होतीच.

मला तुमचे स्वयंपाकघर आठवते. तुम्ही पोंभुर्ण्याहून बदलून आलात तेव्हा मी तुमच्या हाताखाली नुकताच लागलेला सहशिक्षक होतो; अंगावर कोट आणि जिभेवर संस्कृत, दोन्ही मला सैल होत असत. तुम्ही एकटे राहत होतात. चुलीवर भाताचे आधण ठेवून तुम्ही सारवलेल्या भुईवर बसला आहात आणि दंडार लिहीत नाही आहात, मांडता आहात. वांगे म्हणजे गवा. वाळकी मिरची म्हणजे वाघ. कांदे ही चितळे, लसणाच्या पाकळ्या हे ससे, आणि आल्याचा एक वाकडा तुकडा म्हणजे कोल्हा, अर्थात मी. मध्यभागी पाण्याची वाटी, हा पाणवठा. वाघ पाणवठा अडवून बसला आहे. पाण्यावर येईल त्याला खातो. जनावरे एक होतात, गवा पुढे होतो, वाघ पळतो. मग गवा पाण्याकडे पाठ करून, शिंगे रानाकडे रोखून उभा राहतो, वाघ परतू नये म्हणून; आणि त्याच्या पाठीमागे सगळी निर्धास्त पाणी पितात. मी उद्गारलो, "वाहवा! सर्वथा सुखान्त!" तुम्ही वांग्याचे देठ नीट रानाकडे करत म्हणालात, "हो. औंदा तरी." एवढे बोलून तुम्ही तेच वांगे उचलून निखाऱ्यात घातलेत. क्रांतीचा तो अग्रणी आपण दोघांनी त्या दुपारी भातासोबत खाल्ला, आणि मिरची अधिक तिखट निघाली की वांगे अधिक गोड, यावर मी एक व्याख्यानही दिले.

गावाला हे नाटक कळण्यास भाष्यकाराची आवश्यकता नव्हती. तलाव मालगुजाराचा होता आणि तुडुमही त्याचेच. तलावाच्या बांधाच्या, म्हणजे पाळीच्या, पोटातले ते दगडी तोंड त्याच्या माणसांनी उघडले तर पाट वाहणार, बुजवले तर आमच्या बांध्या, ती धानाची खाचरे, आकाशाकडे आ वासून राहणार. अशाच एका कोरड्या आश्विनात मोठेभाऊ त्या तुडुमाच्या तोंडात जाऊन बसले होते. सारा गाव त्यांना मोठेभाऊच म्हणे. जमीन बेताची, आवाज मोठा, आणि काळीज आवाजाहून मोठे. दिवसभर ते कमरेइतक्या पाण्यात बसून राहिले. मालगुजाराच्या लोकांनी काठ्या घातल्या. डाव्या खांद्याचे हाड मोडले ते कायमचे वाकडे जुळले. पण तुडुम बुजले नाही. त्याच पाळीवर, मोडका खांदा पंच्याने बांधून, त्यांनी गावाकडून शपथ वदवून घेतली की येथून पुढे पहिले पाणी शेवटच्या बांधीला. पाटाच्या शेपटापासून आरंभ, तोंडाशी शेवट. कारण तोंडापाशी असणाऱ्याला पाणी चुकत नाही आणि शेपटाच्या माणसाला ते दिसत नाही. शेपटाला खालची टोली ही वस्ती होती, आणि टोलीतही अगदी शेवटची बांधी होती काकीची. त्या विधवेला वयाने मोठे असणारेही काकीच म्हणत, कारण तिच्याशी अन्य कोणतेही नाते जोडण्याची कोणाची छाती नव्हती.

मग मालगुजारी गेली, मालगुजार नागपूरला गेला, आणि तुडुमाचा कारभार गावाने मोठेभाऊंच्या हाती दिला. त्या वर्षी मंडईत गवा दुसरा कोण होणार? सुताराने सावरीच्या हलक्या लाकडाचा मुखवटा कोरला, त्यावर मेलेल्या हेल्याची खरी शिंगे बसवली. मुखवटा मोठेभाऊंच्या डोक्याला ढिला झाला तेव्हा तुम्ही आत तणीस कोंबून तो घट्ट केलात. दंडारीला पडद्याचे लाड नाहीत. भर दुपारी चारी बाजूंनी माणसे बसली की रंगमंच सिद्ध. मध्ये पाण्याने भरलेले घंगाळ, आणि पूर्वेला रिंगणात एकच फट राखलेली, तिचे नाव वाघाची वाट. आमच्या गावचा दंडक तुम्हाला मी सांगायला नको: रिंगणात सोंग उतरवायचे नाही, चेहरा काढायचा तर रिंगणाबाहेर जाऊन काढायचा, नाहीतर जनावर माणसात राहून जाते. वाघ त्या फटीतून पळाला तेव्हा सगळ्या गावाने "हुर्रर्र" करून त्याच्यामागे ढेकळे फेकली, आणि वाघ झालेल्या आमच्या पोस्टमनला खरोखरच लागले. गवा घंगाळाकडे पाठ करून उभा राहिला. बाहेर आल्यावर लोकांनी मोठेभाऊंना खांद्यावर घेतले. काकीने त्यांच्यावरून मीठमिरच्या उतरवल्या आणि म्हणाली, "मायची नजर लागते म्हन्तेत, गावाची काऊन नाई लागनार?" त्या दिवशी मी उपहासाचा एकही शब्द बोललो नाही. मला तो सापडलाच नाही.

अधःपात विजेसारखा कडकडून कोसळतो असा माझा ग्रंथोक्त समज होता. तो तसा नसतो, गुरुजी. तो अत्यंत समंजसपणे, कारणे देत देत येतो. पहिल्यांदा पाऊस फार झाला, पाळीवर ताण नको म्हणून तोंडाकडच्या बांध्यांना आधी पाणी सोडले, कारण निर्दोष. मग ज्यांनी तुडुमापाशी मोठेभाऊंसोबत काठ्या खाल्ल्या त्यांची रोपे सुकली; त्यांना आधी दिले, आणि हेही न्याय्यच होते. मग गावाच्या कामात स्वतःची शेती पाहण्यास मोठेभाऊंना सवड उरेना, तेव्हा त्यांच्या बांधीला पाणी इतरांनीच आपण होऊन वळवले. त्यांनी नको म्हटले नाही एवढेच. प्रत्येक कारण तपासून घ्यावे, एकातही खोट नाही. सगळ्यांची बेरीज केली तर पाट उलटा वाहत होता. खालच्या टोलीची माणसे विचारायला येत, "भाऊ, शेपटाचं काय?" आणि मोठेभाऊ हसून म्हणत, "मी आहो ना!" तुडुमात बसले होते त्या दिवशीही ते हेच म्हणाले होते, आणि तेव्हा त्या शब्दांनी माणसे रडली होती. काकी एकदा चावडीवर सर्वांसमक्ष म्हणाली, "तुमी आहा म्हून तं इचारून राह्यली, भाऊ. वाघाले कोन इचारते?"

काही वर्षांनंतरच्या एका दंडारीआधी आपण पुन्हा त्याच चुलीपाशी बसलो होतो. तुम्ही कांदे मांडलेत, लसूण मांडलात, मिरची रानात पळवलीत. मग वांगे जागच्या जागी फिरवलेत. देठ आत आले. पाठ रानाकडे, शिंगे जनावरांकडे. मी त्या वांग्याकडे पाहत राहिलो, आणि माझ्या मुखातून कोणतेही सुभाषित बाहेर पडले नाही, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. तुम्ही ते लपवून ठेवले नाहीत. त्याच संध्याकाळी मला सोबत घेऊन पाळीवर गेलात आणि मोठेभाऊंना सरळ सांगितलेत, "भाऊ, औंदा शेवटी गवा वळते." ते तलावाकडे पाहत होते. तसेच पाहत हसले. "नाटकच हाय ना, गुरुजी? करू."

पण शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली तालीम सुरू झाली आणि तो प्रवेश आला तेव्हा ते वळले नाहीत. ढोलकी वाजते आहे, आम्ही चतुष्पाद प्राणी तोंडे वासून उभे आहोत, तुम्ही म्हणता आहात, "वळा, भाऊ." गवा स्तब्ध. पुन्हा म्हणालात. तेव्हा मुखवट्याच्या आतून आवाज आला, "मी वाघाले पाठ दाखवत नाई, गुरुजी."

"वाघ गेला, भाऊ. नागपुरात हाय."

"तुमाले काय मालूम?"

तुम्ही म्हणालात, "बरं. नका वळू." त्यांनी तो प्रवेश गाळायला सांगितले नाही, सोंग परत केले नाही, तुमची बदली पार दूर सिरोंच्याला करवली नाही, जे करणे त्यांना तेव्हा सहज शक्य होते आणि ज्याचे भाकीत मी शिक्षकांच्या खोलीत विनोदाने वर्तवून बसलो होतो. त्यांना खरोखरच वाटत होते की आपण अजून रानाकडे तोंड करून उभे आहोत. घरी परतताना मी तुम्हाला विचारले, "मग या नाटकास अंत कोणता?" तुम्ही म्हणालात, "पाहू. रिंगण हाय ते, भिंत नोहे."

मंडईच्या दिवशी उन्हात खालच्या टोलीच्या बांध्यांना भेगा दिसत होत्या. भारी, उशिरा पिकणारा धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. आता एक पाणी मिळाले नाही तर लोंबीत दाणा भरणार नव्हता, आणि तलाव तर अर्धा भरलेला. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे नटूनथटून दंडार पाहत बसले होते. वाघ पळाला, ढेकळे फेकली गेली. गवा घंगाळापाशी उभा राहिला. अखेरचा प्रवेश आला. मी, कोल्हा, शेपटी सावरत त्यांच्या पाठीशी गेलो आणि माझे वाक्य म्हटले, "महाराज, तृषार्त आहोत; जलप्राशनाची अनुज्ञा असावी." गव्याने वळायचे होते. गवा वळला नाही. पाठीशी बोलणारा कोल्हा हा दृश्य जगात फार केविलवाणा प्राणी आहे. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले, लोक खसखसले, ढोलकीवाला उगाच वाजवत राहिला.

तेव्हा काकी उठली. ती बसली होती तेथून रिंगणात उतरली नाही; माणसांच्या पाठीमागून पूर्ण वळसा घालून गेली आणि वाघाच्या वाटेतून आत आली. तिच्यामागून खालची टोली आली, म्हातारी, बाया, कडेवर लेकरे. ज्या जागेवरून आपण वाघाला पिटाळले होते त्या जागेवर ती सगळी उभी राहिली, शिंगांच्या समोर. "वळाचं काम नाई, भाऊ," काकी म्हणाली, "आमीच आलो पुढं." ढोलकी थांबली. "लोंब्या फोल होऊन राह्यल्या. पानी मांगाले आलो."

गुरुजी, मोठेभाऊ तसूभरही हलले नव्हते. शिंगे जिकडे होती तिकडेच होती. फक्त त्यांच्यासमोर आता वाघ नव्हता. मी त्यांच्या अगदी पाठीशी होतो. मोडून वाकडा जुळलेला तो खांदा वरखाली होताना मला दिसत होता. गव्याला तुम्ही एकही वाक्य लिहिलेले नव्हते, आणि स्वतःच्या तोंडाने बोलायचे तर चेहरा उतरवावा लागणार, आणि चेहरा उतरवायचा तर रिंगणाबाहेर जावे लागणार. त्यांचे हात मुखवट्यापर्यंत गेले आणि खाली आले. मग ते चालू लागले. रिंगणाला एकच फट होती. खालच्या टोलीने सरकून जागा दिली, आणि गवा वाघाच्या वाटेने बाहेर गेला. मागून कुठूनतरी, निव्वळ सवयीने, कोणीतरी "हुर्रर्र" केले आणि एक ढेकूळ त्यांच्या पायाशी येऊन फुटले. काकी गर्रकन फिरली. "कोन हाय रे तो? खबरदार! आपला मानूस हाय."

आणि मी हसलो. कोल्ह्याच्या मुखवट्याआड, आवाज न करता. पण खांदे हलले असावेत. तुम्ही पाहिलेत. लोक पांगल्यावर मोहाखाली सोंगे गोळा करताना गव्याचा मुखवटा तुम्ही उचललात. मोठेभाऊ तो तिथे खाली ठेवून घरी गेले होते. तुम्ही त्यातले तणीस बोटांनी काढून टाकलेत, सगळे, शेवटच्या काडीपर्यंत, आणि मला जवळ बोलावून तो माझ्या डोक्यावर बसवलात. तो बसला. "पाहा," तुम्ही म्हणालात, "तुमाले तं तणीसही लागत नाई. ठेवा तुमच्याकडंच." आयुष्यात मला अनेकांनी ताडन केले आहे, परंतु मापात इतके बरोबर कोणी केले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुडुम उघडले. मोठेभाऊ स्वतः फावडे घेऊन पाटाच्या कडेने चालत गेले, वाटेतल्या प्रत्येक बांधीचे तोंड बुजवत, पार काकीच्या बांधीपर्यंत. तिथे उभे राहून पाणी भरताना त्यांनी पाहिले. ती म्हणाली, "बसा, भाऊ." ते बसले नाहीत. हा जर नाटकाचा अंत असता तर मी टाळ्या पिटल्या असत्या. पण पुढे त्यांनी कारभार सोडला नाही; काही वर्षे पाणी शेपटापासून सुटले, काही वर्षे कारणे निघाली, आणि ती कारणेही निर्दोषच असत. दंडार पुन्हा झाली नाही. तुम्ही ब्रह्मपुरीला बदलून गेलात आणि तिथेच संपलात. मोठेभाऊ गेल्यावर तुडुमाचा कारभार कोणाकडे द्यावा यावर गावात बरीच चर्चा झाली, आणि अखेर तो माझ्याकडे आला. सर्वांचे एकमत होते की हा मनुष्य कोणत्याही बाजूचा नाही, हा नुसत्या कोट्या करतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. गेल्या आठवड्यात खालची टोली आमच्या अंगणात आली होती. मी ओसरीवर उभा होतो, ते खाली बसलेले. मी त्यांना पाळीच्या जीर्णतेविषयी, जलसंचयाच्या मर्यादांविषयी आणि धैर्य या गुणाच्या महत्तेविषयी विस्ताराने सांगितले. सगळी कारणे खरी आहेत; तुम्ही येऊन तपासावीत. ते ऐकत राहिले. जाईनात. तेव्हा माझ्या तोंडून शब्द आले, आणि आयुष्यभर चारचौघांत जी बोली मी कधी बोललो नाही त्या बोलीत आले: "मी आहो ना!" एक म्हातारा डोक्याला पंचा गुंडाळत उठला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. नंतर दोनच दिवसांनी पोरे सोंगाचा ठराव घेऊन आली.

सौभाग्यवतींना या विषयात कसलेही तात्त्विक कुतूहल नाही. "घ्या ना सोंग. काऊन भेता?" असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, प्रकरण विचाराधीन आहे. "इचार करून राह्यले म्हन्ता अन् सकाळपासून आंगनात गरगर फिरून राह्यले. कोंबड्या भेल्या ना!" मग माळ्यावरून त्यांनी स्वतःच मुखवटा काढला, ओल्या फडक्याने पुसला, आणि एक शिंग जरा हलते आहे हे पाहून त्याला सुतळी बांधली. "चश्म्यावर बसंल का हा तुमच्या?" एवढीच त्यांची शंका. मी पोरांना होकार कळवला आहे. वाघाची वाट मात्र जरा प्रशस्त ठेवावी, कारण माझा देह मोठेभाऊंसारखा काटक नाही, असेही बजावले आहे. पोरे हसली, पण जितके हसायला हवे होते तितके नव्हे.

मुखवट्याच्या आत कपाळापाशी लाकडाचा एक कंगोरा आहे, तो टोचतो. मोठेभाऊंना तणसामुळे टोचत नसावा. तिथे कागदाची जाडसर घडी घातली तर चालेल असे सुतार म्हणतो, आणि हे पत्र आता पुरेसे जाड झाले आहे. तेव्हा तुमच्याकडे ते येणार नाही, माझ्या कपाळाशी राहील. एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. आज सौभाग्यवती बाजारात गेल्यावर मी अंगणात घंगाळ भरून ठेवले, मुखवटा चढवला, पाण्याकडे पाठ करून उभा राहिलो, आणि मग, ते कितपत अवघड जाते एवढेच पाहण्यासाठी, शिंगे पाण्याकडे वळवून पाहिली. मोठेभाऊंना जे नाटकातदेखील करवले नाही ते मला पहिल्याच खेपेस जमले, गुरुजी. पायांना आपण काही वेगळे करतो आहोत असे वाटलेसुद्धा नाही.